आधी जखम तपासा, मग पावडर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कायटोसानची (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणाऱ्या द्रव्याची) रक्तस्तंभक, म्हणजे रक्त थांबवणारी, पावडर तयार आहे. रॅटच्या यकृताचा तुकडा कापून जखमेवर ती टाकली की सरासरी ४० सेकंदांत रक्त थांबतं. नुसतं गॉज दाबलेल्या गटात साधारण २ मिनिटं लागतात. पोटातल्या अवयवांच्या रक्तस्रावावर ती चालते असं म्हणायचं, तर पुढचा प्राणी कोणता घ्यावा, काय मोजावं आणि प्राणी किती लागतील?

मी पशुशल्यचिकित्सक आहे. अशा चाचण्यांमध्ये जखम करायची आणि ती वाहत असताना घड्याळाकडे बघत उभं राहायचं, हे काम वीस-बावीस वर्षं केलंय. तुमचे ४० सेकंद वाचून मी पुढे गेलो. नजर अडली ती २ मिनिटांवर. जी जखम नुसत्या गॉजने दोन मिनिटांत थांबते, ती पावडरीची काय परीक्षा घेणार? ती थांबणारच होती, पावडर तेव्हा तिथे हजर होती इतकंच. म्हणून प्राण्याचं नंतर बघू. आधी सांगा, तुमची जखम मिनिटाला किती ग्रॅम वाहते?

रॅटमध्ये हा घोळ हमखास होतो. गणित साधं आहे. रॅटच्या अंगात किलोमागे सुमारे ६४ मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे ३०० ग्रॅमच्या रॅटमध्ये १९ मिलिलिटरच्या आसपास. त्यातलं ४ मिलिलिटर गेलं की एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा गेला. रक्तदाब उतरतो, यकृताकडे येणारा प्रवाह आटतो आणि जखम आपोआप मंदावते. त्यात रॅटचं रक्त माणसाच्या रक्तापेक्षा लवकर गोठतं. परिणाम काय, तर जो प्राणी जास्त खचला तोच तुमच्या तक्त्यात ‘लवकर थांबला’ म्हणून चढतो. रक्तदाब नोंदलेला नसेल तर ही गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी स्वतः यात पोळलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पंजची चाचणी रॅटवर केली होती. आलेख इतके देखणे की आम्ही थेट डुकरावर गेलो. प्लीहेवर छेद दिला, स्पंज ठेवला, दोन मिनिटं दाबला, हात उचलला आणि स्पंज रक्तावर तरंगत बाजूला सरकला. खाली जखम जशीच्या तशी वाहत होती. नंतर जुने रॅटचे व्हिडिओ काढून पाहिले, तर कंट्रोल गटातल्या बऱ्याच जखमा स्पंजशिवायही जवळपास तेवढ्याच वेळात थांबल्या होत्या. फरक होता तो मुख्यतः गॉज किती वेळा उचलून बघितलं याचा. त्याबद्दल पुढे सांगतो.

तर पायलटचं, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीचं, पहिलं काम पावडरीशिवायच करायचं. जखम करा आणि आधी वजन केलेलं गॉज जखमेच्या कडेला धरून ३० सेकंद रक्त नुसतं टिपून घ्या, दाबू नका. गॉज पुन्हा तोला. रक्ताची घनता मिलिलिटरला साधारण १.०५ ग्रॅम आहे, त्यामुळे ग्रॅम आणि मिलिलिटर यांत फार फरक पडत नाही. हा झाला त्या जखमेचा मूळ वेग. पाच-सहा जखमांचे वेग समोर आले की कळतं, तुमचा हात सारख्या जखमा करतोय की एक ठिबकतेय आणि दुसरी उसळतेय. वेगाची एक खिडकी आधी लिहून ठेवा. त्या खिडकीत न बसणारी जखम चाचणीत धरायची नाही, तिला हाताशी असलेल्या कोणत्याही साधनाने बंद करायचं. मात्र हा निर्णय पाकीट उघडण्यापूर्वी व्हायला हवा. म्हणजे क्रम असा: जखम, मूळ वेग, ‘घ्यायची की सोडायची’, आणि मग कोणतं उपचारद्रव्य लावायचं याचं पाकीट. जखम करणाऱ्याला पावडर येणार की गॉज हे आधी कळलं, तर हाताची खोली अर्ध्या मिलिमीटरने बदलते. यात लबाडी नसते, हात असतोच तसा.

सारखी जखम करण्यासाठी हत्यारही तसं हवं. डुकराच्या यकृतावर ६ किंवा ८ मिलिमीटर व्यासाचा बायोप्सी पंच वापरतात आणि खोली ३-४ मिलिमीटर ठेवतात. पंचाला अडसर लावून घ्या, नाहीतर एखादी जखम खोल जाऊन मोठी शीर उघडते आणि त्या एका प्राण्यामुळे सगळा विदा वाकतो. यकृताची पातळ कड टाळा. पसरट झिरपणारी जखम हवी असेल, तर ठरावीक वर्तुळात खरवडून पृष्ठभाग सोलायची पद्धत आहे; सशात आणि डुकरात ती चांगली चालते. यकृत सोलून निघालेलं असताना जे सगळीकडून पाझरत राहतं, ते शल्यचिकित्सकाच्या खऱ्या डोकेदुखीच्या जास्त जवळ आहे. एकच वाहिनी फुटली असेल तर तो तिला चिमटा लावतो, टाका घालतो. तुमच्या पावडरीची वाट बघत नाही. त्वचेखालची मोठी धमनी फोडून केलेल्या चाचण्या, म्हणजे डुकराच्या मांडीच्या धमनीला ६ मिलिमीटरचं भोक पाडून, ४५ सेकंद मोकळं वाहू देऊन केलेल्या, या रणांगणावरच्या पट्ट्यांसाठी आहेत. तिथे माणूस वरून जोर लावून दाबू शकतो. पोटातल्या अवयवांचा दावा त्यांच्या जोरावर करता येत नाही.

आता अवयव. ‘अंतर्गत अवयव’ हा एकच शब्द लिहिला तरी यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड ही तीन वेगळी प्रकरणं आहेत.

यकृताला हृदयाच्या एकूण प्रवाहाचा सुमारे चौथा हिस्सा मिळतो आणि त्यातला तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या शिरेतून) येतो, जिथे दाब जेमतेम ५ ते १० मिमी पारा असतो. म्हणजे रक्त भरपूर, पण जोर कमी. म्हणूनच यकृतावर बहुतेक सगळी द्रव्यं चांगली दिसतात. त्यातही डुकराच्या यकृतात खंडिकांच्या भोवती संयोजी ऊतीच्या जाड भिंती असतात, त्यामुळे ते माणसाच्या यकृतापेक्षा चिवट असतं, दाब सहन करतं, टाका धरतं. डुकराच्या निरोगी यकृतावर मिळालेलं यश सिऱ्हॉसिस झालेल्या (व्रण पडून कडक झालेल्या) माणसाच्या यकृतावर तसंच मिळेल, असं गृहीत धरू नका. शिवाय कापलेल्या पृष्ठभागातून पित्तही झिरपतं. पित्ताच्या ओलीत तुमचा जेल चिकटून राहतो का, हे वेगळं बघावं लागतं.

प्लीहा म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंजच. वेष्टन पातळ, टाका घातला की फाटतं, म्हणून इथे वरून लावायच्या द्रव्याची खरी गरज असते. पण डुक्कर आणि कुत्रा या दोघांच्याही प्लीहेच्या वेष्टनात स्नायू असतो. प्राणी ताणाखाली आला, रक्तदाब पडला की प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. आकसली की जखमही लहान होते. माणसाची प्लीहा असं फारसं करत नाही. यकृताच्या गंभीर दुखापतीच्या डुकरातल्या चाचण्यांमध्ये म्हणूनच प्लीहा आधी काढून टाकतात आणि तिच्या वजनाच्या तिप्पट कोमट रिंगर्स लॅक्टेट (शिरेतून द्यायचा क्षारद्रव) देतात, नाहीतर प्राणी स्वतःलाच रक्त चढवतो आणि रक्त किती गेलं याचा हिशेब चुकतो. चाचणी प्लीहेवरच असेल तेव्हा ही सोय नाही. मग दर जखमेच्या वेळी प्लीहा ताणलेली होती की आकसलेली, याची लांबी मोजून नोंद ठेवा. मी नुसती पट्टी ठेवून फोटो काढतो, पुरेसं होतं.

मूत्रपिंडावर बऱ्याच पावडरी नापास होतात. दोन्ही मूत्रपिंडांकडे मिळून हृदयाच्या प्रवाहाचा २० ते २५ टक्के वाटा जातो, तोही धमनीच्या पूर्ण दाबाने. खालचा ध्रुव कापून, वाहिनीवरचा क्लॅम्प सोडला की रक्त आतून ढकलत येतं आणि पावडरीचा थर कवचासारखा उचलून फेकतं. त्यात मूत्र गोळा करणारा पोकळ भाग उघडला असेल तर मूत्रातलं युरोकायनेज हे विकर फायब्रिन, म्हणजे गुठळीचं जाळं, विरघळवायला मदत करतं. पहिल्या दहा मिनिटांत सगळं छान आणि सहाव्या तासाला पुन्हा रक्त, हे दृश्य मूत्रपिंडात दिसू शकतं. तुमच्या पावडरीचा कस लावायचा असेल तर मी मूत्रपिंड घेईन. दावा यकृतापुरताच ठेवायचा असेल तर ते नाही घेतलं तरी चालेल, पण मग लेबलवर ‘अंतर्गत अवयव’ असं मोघम लिहू नका.

प्राण्याबद्दल आता बोलता येईल. छाननीसाठी रॅट चालेल. पावडरीच्या चार मिश्रणांमधली दोन बाद करायची असतील तर स्वस्तात काम होतं. ससा मधला टप्पा म्हणून बरा, पण त्याचंही रक्त कमी, किलोमागे ५६ मिलिलिटरच्या आसपास, आणि भूल देताना तो हातातून जाण्याची भीती जास्त. शेवटी डुक्कर लागतंच. ४० किलोच्या डुकरात अडीच लिटरहून जास्त रक्त असतं, त्यामुळे एका प्राण्यात अनेक जखमा करूनही रक्तदाब धरून ठेवता येतो, आणि माणसासाठी बनवलेला डबा, नळी, पट्टी त्याच मापात वापरता येते. पावडर तीच असली तरी तोंडाशी जाळी असलेल्या नळीतून ती खोल पोटात पडते कशी, हे रॅटमध्ये कधीच कळत नाही.

पण डुकराचं रक्त माणसापेक्षा जोरात गोठतं, हे विसरू नका. म्हणून पुष्कळ चाचण्यांमध्ये हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध देऊन एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) मूळच्या दुपटी-तिपटीवर नेतात. इथे तुमच्या बाबतीत एक पेच आहे आणि तो तुम्हीच आधी उघड केलेला बरा. कायटोसानवर धन प्रभार असतो. तो ऋण प्रभाराच्या तांबड्या पेशींना ओढून एकत्र बांधतो. हे काम गोठण्याच्या साखळीवर फारसं अवलंबून नाही, म्हणून हेपारिन दिलेल्या प्राण्यातही ते टिकतं. तुलनेला तुम्ही नुसता जिलेटिनचा स्पंज ठेवला, तर तो रुग्णाच्या स्वतःच्या गोठण्यावर विसंबलेला, आणि ते तुम्ही हेपारिनने बंद पाडलेलं. सामना सुरू होण्याआधीच जिंकला! परीक्षक हे पकडतात. हेपारिन दिलेल्या आणि न दिलेल्या, अशा दोन्ही प्राण्यांत चाचणी करा आणि तुलनेसाठी थ्रॉम्बिन (गुठळी बांधणारं विकर) असलेलं एखादं द्रव्यही ठेवा.

द्रव्य काम कसं करतं यावर कोणतं संकट उभं करायचं ते ठरतं, ही गोष्ट जरा उलगडून सांगतो, कारण प्रबंधांमध्ये इथेच गल्लत होते. कोलॅजन प्लेटलेटना जागं करतं, म्हणून ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेटना थोपवणारी औषधं दिलेल्या प्राण्यात त्याचा कस लागतो. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज १९४०च्या दशकापासून वापरात आहे. ते आम्लधर्मी असतं, जंतूंवर त्याचा थोडा मारा होतो, पण त्याच आम्लामुळे थ्रॉम्बिन निकामी होतं. त्यामुळे ‘सेल्युलोजवर थ्रॉम्बिन शिंपडून’ केलेला कंट्रोल गट पाहिला की मी पुढे वाचत नाही. फायब्रिनची कल्पना तर त्याहून जुनी: बर्गेल यांनी १९०९मध्ये फायब्रिनच्या पावडरीचा रक्त थांबवण्याचा गुण मांडला होता. आजचं फायब्रिन सीलंट (जखमेवर लावायचा फायब्रिनचा डिंक) फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनचा कच्चा माल, आणि थ्रॉम्बिन दोन्ही बाहेरून आणतं, म्हणून रुग्णाचं रक्त पातळ असलं तरी ते गुठळी धरतं. मात्र मोठ्या दुखापतीतलं रक्त नुसतं हेपारिनसारखं ‘पातळ’ नसतं. ते सलाईनने विरळ झालेलं असतं, थंड असतं, आम्लयुक्त असतं, प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन संपलेले असतात. ते डुकरात उभं करायचं तर बरंचसं रक्त काढून त्याजागी द्रव द्यावा लागतो आणि तापमान ३३ अंशांवर आणावं लागतं. तुमच्या पहिल्या टप्प्यात याची गरज नाही. पण ‘आघातात उपयोगी’ असं लिहायचं असेल तर सुटका नाही.

भुलेबद्दल दोनच गोष्टी. आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायू जितका जास्त तितका रक्तदाब कमी, झायलाझिन या गुंगीच्या औषधानेही तसंच. म्हणून प्रत्येक जखमेच्या क्षणी सरासरी धमनी दाब ठरावीक पातळीवर, समजा ६५ मिमी पाऱ्याच्या वर आहे ना, हे पाहूनच पुढे जा. आणि उघड्या पोटातून उष्णता झपाट्याने जाते, तेव्हा खालून गरम गादी आणि आतून तापमापक हवाच. डुकराचं नेहमीचं तापमान ३८-३९ अंश असतं, ते ३५वर उतरलं की तुम्ही नकळत दुसरीच चाचणी करत असता. (लँड्रेस आणि पिएट्रेन जातींच्या काही डुकरांत अशा भुलेने उलट तापमान भडकतं, स्नायू ताठरतात. ते आनुवंशिक आहे. कळप निवडतानाच विचारून घ्या.)

आता मोजायचं काय. ‘रक्त थांबायला लागलेला वेळ’ हा सगळ्यांचा आवडता आकडा, आणि तोच सगळ्यात कच्चा. वेळ कळायला गॉज उचलावं लागतं. गॉज उचललं की त्याला चिकटलेली कोवळी गुठळी निघून येते. पावडरीच्या गटात गॉज नसतं, किंवा असलं तरी खाली पावडरीचा थर असतो, तो सुटत नाही. म्हणजे कंट्रोल गटाला तुम्ही दर ३० सेकंदांनी नवी जखम देत असता. माझ्या त्या रॅटच्या चाचणीत हेच झालं होतं. आता मी असं करतो: दोन्ही गटांत लावायची रीत एकच, वरून ओलं गॉज, त्यावर ठरलेल्या ग्रॅमचं वजन, हाताचा दाब नाही. दोन मिनिटं ते अजिबात उचलायचं नाही. मग एकदा बघायचं, नंतर ५ आणि १० मिनिटांनी बघायचं. निकाल ‘या क्षणाला कोरडं आहे की नाही’ असा. सेकंदांचा नेमकेपणा गेला, पण जो नेमकेपणा मुळात नव्हताच तो गेल्याचं दुःख कशाला?

सोबत रक्तस्रावाची श्रेणी लिहा. शस्त्रक्रियेतला रक्तस्राव मापायला व्हायब ही पडताळलेली मोजपट्टी आहे, ० म्हणजे रक्त नाही इथपासून ४पर्यंत. स्वतःची मोजपट्टी काढू नका. श्रेणी देणाऱ्या दोन माणसांना आधी तेच व्हिडिओ स्वतंत्रपणे दाखवा आणि त्यांचं जमतंय का बघा. पांढरी पावडर दिसतेच, त्यामुळे पूर्ण ब्लाइंडिंग (कोणता उपचार दिला हे लपवणं) होणार नाही. निदान श्रेणी देणारा आणि जखम करणारा एक नसावा.

गेलेल्या रक्ताचं वजन करताना पावडर स्वतः किती पाणी शोषते ते वजा करा. जखमेभोवतीचं पोटातलं पाणी, धुवायला वापरलेलं सलाईन, सगळं एकाच गॉजमध्ये गेलं तर तो आकडा रक्ताचा राहत नाही. पावडर किती टाकली तेही ग्रॅममध्ये लिहा. ‘पुरेशी’ हे माप नव्हे. आणि ती साचलेल्या रक्तावर टाकू नका: वर दुधावरच्या सायीसारखा थर धरतो, खाली रक्त वाहतच राहतं आणि पाहणाऱ्याला वाटतं थांबलं. आधी टिपायचं, लगेच टाकायचं, लगेच दाबायचं. तेवढ्या दोन सेकंदांच्या फटीत रक्त पुन्हा भरतं, म्हणून या हालचालीची तालीम प्राण्यावर नको. कत्तलखान्यातून आणलेल्या यकृतात नळी घालून पंपाने रंगीत द्रव सोडा आणि त्यावर हात बसवा.

दहा मिनिटांनी कोरडं दिसलं की काम संपलं असं धरू नका. जास्तीची सुटी पावडर सलाईनने धुऊन टाका, रक्तदाब पडला असेल तर द्रव देऊन मूळ पातळीवर आणा आणि आणखी निदान अर्धा तास बघा. पुन्हा वाहणं हाच माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक निकष आहे. कमी दाबावर बसलेली गुठळी दाब चढला की सुटते, आणि रुग्णाचा दाब चढतो तो बहुतेक वेळा पोट शिवून झाल्यावर.

किती प्राणी? आधी काय सिद्ध करायचंय ते ठरवा. समजा ५ मिनिटांनी यश तुलनेच्या द्रव्यात ६० टक्के आणि तुमच्यात ९० टक्के अपेक्षित आहे. नेहमीच्या ५ टक्के चुकीच्या मर्यादेला आणि ८० टक्के ताकदीला (फरक खरंच असेल तर तो सापडण्याच्या शक्यतेला) दर गटात सुमारे ३२ स्वतंत्र जखमा लागतात. ‘स्वतंत्र’ या शब्दावर बोट ठेवा. ४ डुकरांवरच्या ४० जखमा म्हणजे ४० रुग्ण नव्हेत. एकाच डुकरात दोन्ही उपचार आळीपाळीने दिले तर प्राण्या-प्राण्यातला फरक तुलनेतून गळून पडतो, हा मोठा फायदा आहे आणि प्राणीही कमी लागतात. पण विश्लेषणात प्राणी हा घटक धरावाच लागतो, आणि क्रमही. पहिल्या जखमेच्या वेळचं डुक्कर आणि दहाव्या जखमेच्या वेळचं डुक्कर एक नसतं. तोवर ते थंड झालेलं असतं, विरळ झालेलं असतं. यकृताचा कुठला खंड, कितवी जखम, कोणता उपचार याची वाटणी आधीच कागदावर फिरवून घ्या. माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात पहिल्या पाचही जखमांवर गॉज आणि शेवटच्या पाचांवर नवं द्रव्य होतं. बिचाऱ्याने स्वतःच्याच द्रव्याला सगळ्यात वाईट वेळ दिली होती.

प्राणी कमी लागावेत हा नुसता खर्चाचा प्रश्न नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्ये मांडलेली तीन तत्त्वं, पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा, ही समितीच्या फॉर्मवर भरायची वाक्यं म्हणून वाचू नका. तीव्र रक्तस्रावाच्या चाचणीत प्राणी गाढ भुलेतच असतो आणि त्यातून त्याला उठवायचं नसतं. जगवायच्या चाचणीत वेदनाशामक आणि ‘इथे थांबायचं’ ही रेषा आधी ठरलेली हवी. लिहिताना अराइव्ह या प्राणी-चाचण्यांचे अहवाल लिहिण्याच्या मार्गदर्शक सूचना (२०१०, सुधारित २०२०) समोर ठेवल्या तर वर सांगितलेल्या निम्म्या चुका कागदावरच दिसतात. अयशस्वी जखमाही लिहा. नाहीतर दुसरा कुणीतरी त्याच कारणासाठी पुन्हा डुकरं वापरेल.

जगवायच्या चाचणीबद्दल मात्र मी जास्त आग्रही आहे, कारण पोटात टाकलेली पावडर पोटातच राहते. झिओलाइट या पाणी शोषणाऱ्या खनिजाचे पहिले दाणे २००२च्या सुमारास रणांगणावर आले. रक्त थांबायचं, पण पाणी शोषताना तापायचे आणि ऊती भाजायच्या. पुढे स्मेक्टाइट या मातीच्या दाण्यांनी डुकराच्या धमनीच्या चाचणीत उत्तम निकाल दिले, आणि जेव्हा कुणी वाहिनी आतून उघडून पाहिली तेव्हा अस्तराची इजा आणि गुठळ्या दिसल्या, दाण्यांचे अवशेष फुफ्फुसापर्यंत गेलेले. २००९मध्ये अमेरिकी लष्कराने ते वापरातून काढलं. रक्त थांबतं का एवढंच विचारलं असतं तर ते आजही वापरात असतं. तुमच्याही प्रत्येक प्राण्याचं फुफ्फुस पाहा, कारण यकृताची उघडी शीर म्हणजे थेट उजव्या हृदयाकडे जाणारी वाट आहे आणि तिच्यातला दाब इतका कमी असतो की कण आत ओढला जाऊ शकतो. वायूच्या दाबाने पावडर फवारणारं साधन वापरणार असाल तर आणखी जपून: फवारलेल्या फायब्रिन सीलंटमुळे माणसांत वायूची गुठळी होऊन मृत्यू झालेले आहेत, आणि म्हणूनच फवाऱ्याचा दाब आणि अंतर यांवर मर्यादा आल्या.

२, ४ आणि ८ आठवड्यांनी पोट उघडा. आतडी चिकटली आहेत का, पावडर उरली आहे का, भोवती गाठी झाल्या आहेत का, जवळच्या लसीका ग्रंथी सुजल्या आहेत का. तुलनेला सांगायचं तर जिलेटिन स्पंज साधारण ४ ते ६ आठवड्यांत शोषला जातो. कायटोसान शरीरात मुख्यतः लायसोझाइम या शरीरातल्याच विकराने तुटतं, आणि डीॲसिटिलेशन (साखळीवरचे ॲसिटिल गट काढून टाकण्याचं प्रमाण) जितकं जास्त तितकं सावकाश तुटतं. गंमत अशी की तांबड्या पेशींना चांगलं धरायला तुम्हाला तेच जास्त हवं असतं. तुमच्या नमुन्याचा आकडा तुम्ही दिलेला नाही; या सगळ्यात तो पहिल्या ओळीत हवा. पोटाच्या पोकळीत पावडर म्हणजे काय हे शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांनी आधीच शिकवलंय: पावडर लावलेल्या हातमोज्यांमुळे गाठी आणि चिकटणं होतं म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१७पासून ते बंदच केले. म्हणून एक गट असा ठेवा ज्यात जखम नाही, नुसती पावडर आहे, आणि दुसरा ज्यात नुसतं पोट उघडून शिवलं आहे. नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पट मात्रेचाही एक गट लागेल, कारण घाबरलेला शल्यचिकित्सक डबा पूर्ण उलटा करतो.

आणखी एक, जे सगळे शेवटी ढकलतात. चाचणीत जी पावडर वापरली ती निर्जंतुक केलेली, अंतिम पाकिटातली होती का? गॅमा किरणांनी कायटोसानच्या साखळ्या तुटतात, रेणूभार उतरतो, जेल वेगळाच बनतो. प्रयोगशाळेच्या बरणीतल्या पावडरीचे आकडे त्या वस्तूचे नाहीतच जी रुग्णापर्यंत जाणार आहे. एंडोटॉक्सिनही (मेलेल्या जंतूंच्या भिंतींतलं विष) मोजा. ते जास्त असेल तर ८ आठवड्यांनी दिसणारी सूज कायटोसानची की जंतूंच्या उरलेल्या भिंतींची, हे सांगता येणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर रॅटचा सध्याचा विदा बाजूला ठेवून पुन्हा सहा रॅट घेतले असते, पावडर न वापरता, फक्त मूळ वेग आणि रक्तदाब नोंदायला. कंट्रोल जखम गॉजखाली ५ मिनिटांनंतरही बहुतेक वेळा वाहत राहील अशी खोली सापडली की मग पावडर उघडली असती. व्हिडिओ न कापता ठेवा. गॉज उचलण्याआधीचे दहा सेकंद आणि नंतरचे तीस त्यात हवेत, आणि चौकटीत घड्याळ व रक्तदाबाचा पडदा दोन्ही दिसायला हवेत.